स्वतःला वाचवलं, आता पोलिसांना कळवायचं का?

समजा, बांध कोरल्यावरून दोन चुलत घरांत वर्षभर धुसफूस चालू आहे. एका संध्याकाळी तुम्ही उसाला पाणी द्यायला एकटेच रानात गेलात आणि चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. पहिला घाव तुम्ही डाव्या हातावर झेलला. उजव्या हातात फावडं होतं, ते फिरवलंत. त्याच्या डोक्याला लागलं, तो खाली बसला, कुऱ्हाड सरीत पडली. तुम्ही तिथंच थांबलात, दुसरा फटका मारला नाहीत. आता तो विव्हळतोय, तुमच्या हातातून रक्त गळतंय आणि पोलीस ठाणं आठ-दहा किलोमीटरवर आहे.

अशा वेळी सल्ले द्यायला माणसं लगेच जमतात. कुणी म्हणतं, आपण होऊन कशाला फास गळ्यात घेतोस, दोन दिवस पाहुण्यांकडे जाऊन राहा. कुणी म्हणतं, मिटवून टाकू, पोलीस कशाला मध्ये. माझं उत्तर या दोघांच्या विरुद्ध आहे. कळवा, त्याच दिवशी कळवा, आणि स्वतः कळवा. फक्त कसं कळवायचं याला काही पथ्यं आहेत. ती समजायची तर आधी कायदा काय म्हणतो ते पाहावं लागतं.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात कलम 96 ते 106 मध्ये असलेला खाजगी संरक्षणाचा हक्क नव्या कायद्यात कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि त्याचा गाभा तसाच ठेवलेला आहे. हा हक्क बजावताना केलेली कृती गुन्हाच ठरत नाही, असं कलम 34 सांगतं. हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि मालमत्तेसाठीही तो आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगांत हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क टिकतो, हे कलम 38 मध्ये आहे.

मर्यादा कलम 37 आणि 40 मध्ये आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला सवड असेल तर कायदा हातात घेता येत नाही. धोका संपला की हक्कही संपला, म्हणजे पळणाऱ्याचा पाठलाग करून केलेला वार बचावात बसत नाही. पण हे मोजमाप सोनाराच्या काट्यावर होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. 1950 मध्ये कटनीत दंगल उसळली तेव्हा जमाव लाठ्यांनी दार ठोकत असताना एका दुकानदाराने आतून गोळ्या झाडल्या आणि एक माणूस मेला. 1952 मध्ये ‘अमजद खान विरुद्ध राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूरचे. दार फुटेपर्यंत आणि बायकामुलांवर हात पडेपर्यंत त्याने वाट पाहायला हवी होती, ही अपेक्षा त्यांनी मान्य केली नाही.

बांधाच्या भांडणासारखंच एक प्रकरण 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’. नात्यातल्या लोकांचा शेतजमिनीचा वाद, त्यातून हल्ला, त्याला उत्तर म्हणून गोळी, एक मृत्यू. सत्र न्यायालयाने आरोपीला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्या निकालात बचावाच्या हक्काची दहा सूत्रं एकत्र मांडलेली आहेत आणि आजही वकील त्यांचाच आधार घेतात. जीव वाचवायला पळून जाणं हा एकच मार्ग कायद्याला अभिप्रेत नाही आणि हल्ल्याच्या क्षणी प्रत्येक फटका तोलून मारावा अशी अपेक्षाही नाही, असा त्यांचा रोख आहे.

मग हक्क एवढा पक्का असताना कळवण्याची गरज काय? गरज पुराव्यामुळे पडते. बचाव केला हे दाखवण्याची जबाबदारी बचाव करणाऱ्यावर आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 108 तसं म्हणतं. ही जबाबदारी सरकारी पक्षाइतकी जड नसते. सरकारी पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तुम्हाला तुमचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढंच दाखवावं लागतं. तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखवता येतं. आरोपीने बचावाचा मुद्दा तोंडाने मांडला नाही तरी पुराव्यात तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यायला हवा, हे ‘मुन्शी राम’ खटल्यात 1967 मध्येच ठरलंय. तेव्हा गप्प राहिलेल्या माणसाचा हक्क बुडत नाही. पण पुरावा उरला तरच तो न्यायालयाला दिसणार, आणि गप्प राहिलेल्या माणसाचा पुरावा पहिल्या दोन दिवसांतच नाहीसा होतो.

तो कसा नाहीसा होतो ते त्या डाव्या हातावरच्या जखमेवरून पाहू. कोपर ते मनगट या भागात बाहेरच्या कडेला झालेली, वार अडवताना बसलेली जखम न्यायवैद्यकात बचावाची खूण मानली जाते. तळहातावर, बोटांच्या आतल्या बाजूला पातं पकडल्याने झालेले काप याच जातीचे. अशा जखमेची त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात नोंद झाली तर डॉक्टर लांबी, रुंदी, खोली, कडा कशा आहेत, कोणत्या हत्याराने झाली असावी आणि किती वेळापूर्वीची आहे हे सगळं लिहितात. केस पेपरवर एमएलसीचा (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा) शिक्का पडतो, रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं. हीच जखम तुम्ही गावातल्या खासगी दवाखान्यात टाके घालून, नोंद न करता झाकलीत आणि चार दिवसांनी दाखवलीत तर डॉक्टरपुढे येते ती शिवलेली, सुजलेली, भरत आलेली जखम. मग समोरचा वकील विचारणार, ही उसाच्या पाचटाने झाली नाही कशावरून? आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही तर न्यायालय घटनेच्या मुळाविषयी शंका घेऊ शकतं, असं ‘लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य’ या 1976 च्या निकालात आहे. या निकालाचा फायदा मिळायचा तर जखम कागदावर असायला हवी.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, त्या पडलेल्या माणसासाठीसुद्धा. माणुसकी म्हणून ते करायचंच. शिवाय ज्याला मारायचं होतं तो रुग्णवाहिका बोलवत नाही, ही गोष्ट पुढे न्यायाधीशाच्याही लक्षात येते. मग 112. त्या फोनची वेळ यंत्रणेत नोंदली जाते आणि नंतर कुणाला ती बदलता येत नाही. गावात पोलीस पाटील असतील तर त्यांनाही सांगा. फावडं धुऊ नका, कुऱ्हाडीला हात लावू नका, अंगावरचे कपडे बादलीत टाकू नका. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम 238 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. बचाव खरा असूनही कपडे धुतल्यामुळे माणूस खोटा दिसू लागतो. शेजारच्या वस्तीवर किंवा दूध संकलन केंद्रावर सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना लगेच सांगा. त्या यंत्रात जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. फोनमध्ये कुणी काही टिपलं असेल तर मूळ फाइल तशीच राहू द्या.

आता ठाण्यात काय होतं ते पाहू. तुम्ही ठाणे अंमलदारासमोर बसता. तुमचं म्हणणं दखलपात्र गुन्ह्याचं असेल तर ते नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘ललिता कुमारी’ खटल्यात घटनापीठाने हे स्पष्ट केलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लिहिलेली फिर्याद तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत मोफत दिली पाहिजे.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण नुकसान सगळ्यात जास्त याच टेबलावर होतं. घाबरलेला माणूस शेवटापासून सुरुवात करतो. ‘साहेब, माझ्या हातून चूक झाली, मी त्याच्या डोक्यात फावडं घातलं.’ अंमलदार ते तसंच लिहितो. कुऱ्हाड मग तिसऱ्या परिच्छेदात येते, कधी येतही नाही. तुमच्यावर हल्ला झाला म्हणून तुम्ही तिथे गेला आहात, तेव्हा घडलं त्या क्रमाने सांगा. किती वाजता, कुठे उभे होतात, तो कुठून आला, हातात काय होतं, काय म्हणाला, पहिला वार कुणी केला, कुठे बसला, तुम्हाला त्या क्षणी कसली भीती वाटली, मग तुम्ही काय केलंत, आणि तो पडल्यावर काय केलंत. वादाचा इतिहास एका वाक्यात पुरे. अंतर, फटक्यांची संख्या, नेमकी मिनिटं यांची खात्री नसेल तर अंदाज ठोकू नका. ‘नक्की आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘चूक झाली’, ‘रागाच्या भरात’ असे शब्द तुमचे नसतील तर ते कागदावर येऊ देऊ नका. आणि जे घडलं नाही ते तर अजिबात घालू नका. त्याच्या हातात काठी असताना कुऱ्हाड लिहिली तर पंचनाम्यात काठी सापडते आणि तुमचा खरा बचावही त्या एका शब्दापायी कोसळतो.

शब्दांची एवढी काळजी का घ्यायची, यामागे साक्षीच्या कायद्यातला एक बारकावा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये ते आहे. 1960 च्या दशकातल्या ‘अघ्नू नगेशिया विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात तर आरोपीने स्वतः ठाण्यात जाऊन नातेवाइकांच्या हत्येची फिर्याद दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिचा कबुलीचा भाग पुराव्यातून वगळला आणि बाकी पुरावा पुरेसा नसल्याने त्याला सोडलं. पण हे संरक्षण कबुलीजबाबाला आहे. ‘त्याने कुऱ्हाड मारली म्हणून मी फावडं फिरवलं’ या म्हणण्यात गुन्ह्याची कबुली नाही. उलट, ते खरं असेल तर गुन्हाच उरत नाही. त्यामुळे असं निवेदन कबुलीजबाबाच्या बंदीत बसत नाही आणि तुमच्याविरुद्ध स्वीकृती म्हणून वाचलं जाऊ शकतं. तुम्ही तिथे होतात, फावडं तुमच्या हातात होतं, फटका तुमचा होता, एवढं तुम्ही मान्य केलेलं असतं. नंतर ‘मी त्या दिवशी गावातच नव्हतो’ असा पवित्रा घेता येत नाही. बचाव खरा असेल तर याने काही बिघडत नाही. पण पहिल्या दिवशी दिलेला शब्द खटला संपेपर्यंत सोबत राहतो, हे ओळखून तो द्यावा.

यातून माझा निवाडा असा. समोरच्याला किरकोळ लागलं असेल तर वकिलाची वाट न पाहता जाऊन फिर्याद द्या. समोरचा गंभीर असेल किंवा दगावला असेल तर 112 वर घटना, जागा आणि आपलं नाव लगेच सांगा, पण सविस्तर जबाब वकिलाशी बोलूनच द्या. ‘माझ्यावर हल्ला झाला, मी स्वतःला वाचवलं, मला उपचार हवेत, सविस्तर वकिलांसमोर सांगतो,’ एवढं म्हणणं पुरतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. तपासात पोलीस विचारतील त्या प्रश्नांपैकी ज्याच्या उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू अशा प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 मध्येच आहे. आणखी एक साधी गोष्ट: फिर्यादीवर तुमची सही लागते, तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका.

समोरचा पक्षही ठाण्यात येणारच, बहुधा त्याच रात्री, आणि त्याच्या फिर्यादीत तुम्ही हल्लेखोर असाल. एकाच घटनेच्या दोन उलटसुलट फिर्यादी नोंदवता येतात, हे ‘उपकार सिंग विरुद्ध वेद प्रकाश’ या 2004 च्या निकालाने स्पष्ट केलंय. तालुक्याच्या ठाण्यात ही रोजची बाब आहे. तुम्ही गेलाच नसाल तर एकच फिर्याद राहते, ती त्याची. तपासी अंमलदार पंचनामा तिच्या आधाराने करतो, साक्षीदार तिच्यातल्या नावांचे घेतो, आणि चार दिवसांनी तुम्ही गेलात की तुमची फिर्याद स्वतःवरचा गुन्हा दाबण्यासाठी रचलेली वाटते. उशीर झालेल्या फिर्यादीत भर घातली जाते असा संशय न्यायालयं फार जुन्या काळापासून घेत आली आहेत. दोन्ही फिर्यादींवर दोषारोपपत्र गेलं तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशाने लागोपाठ ऐकावेत, असा दंडक ‘नाथी लाल’ खटल्यात 1990 मध्ये घालून दिलाय. तोवर दोन्ही घरं आरोपीही असतात आणि फिर्यादीही.

अटकेची भीती हेच बहुतेकांच्या गप्प राहण्याचं खरं कारण असतं आणि ती भीती निराधार नाही. बचाव खरा की खोटा हे शेवटी न्यायालय ठरवतं. पोलीस सहसा आधी गुन्हा नोंदवतात आणि माणूस मेला असेल तर बहुधा अटकही करतात. क्वचित उलटही होतं. मदुराईत 2012 मध्ये मुलीवर अत्याचार करू पाहणाऱ्या नवऱ्याला बॅटने मारणाऱ्या एका आईला पोलिसांनी बचावाच्या कलमांचा आधार घेऊन सोडून दिलं होतं. अशा अपवादावर भिस्त ठेवू नये. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मात्र सरसकट अटक करायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली नोटीस देऊन बोलावता येतं. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं आणि वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्या तपासणीत प्रत्येक जखम दाखवा, मुका मारसुद्धा. अटकेची शक्यता दिसत असेल तर त्याच संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. त्या अर्जात तुमची वेळेवर दिलेली फिर्याद आणि एमएलसीचा कागद जोडलेला असेल तर वकिलाचं काम निम्मं झालेलं असतं. फरार माणसाच्या वकिलाला मात्र आधी फरारी का, याचं उत्तर द्यावं लागतं.

बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली असेल तरीही कळवणं फायद्याचंच ठरतं. सद्भावनेने, आधी ठरवून न करता, बचावाच्या हक्काची सीमा ओलांडून मृत्यू झाला तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, हे न्याय संहितेच्या कलम 101 च्या दुसऱ्या अपवादात आहे. खुनाच्या कलमातून माणूस बाहेर येतो तो याच अपवादामुळे, आणि तोही पहिल्या दिवसाच्या कागदांवरच उभा राहतो.

छेडछाड करणाऱ्याला ढकललं आणि तो जिन्यावरून पडला, अशा प्रसंगात मुली आणि त्यांच्या घरचे बदनामीच्या भीतीने गप्प बसतात. मला हे गप्प बसणं सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तो माणूस मात्र ‘मला मारहाण झाली’ म्हणून ठाण्यात जातो. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते आणि बलात्काराच्या प्रकरणात तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. धमक्या येत असतील तर हल्ल्याच्या आधीच तक्रार द्या. दखल न घेता पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली तरी तिची पावती ठेवा. पुढे खरंच हल्ला झाला तर भीती रास्त होती हे दाखवायला ती उपयोगी पडते.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वकील परवडत नाही हे कारण आड येऊ देऊ नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्न मर्यादेत असेल तर मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा.